डायरेक्टरांच्या तोंडातल्या कोकोच्या बिया

१

डॉक्टरीणबाईंनी गुन्हेगार शोधून काढला, पुरावे मांडले, सगळ्या गावाला ते पटले, आणि शिक्षा झाली म्बोक रेंतिनीला, जिनं काहीच केलं नव्हतं.

हे वरचं वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. रहस्यकथेत शेवट आधी सांगायचा नसतो, एवढं मलाही कळतं. तेव्हा अजून काहीच घडलेलं नाही असं धरून चालू. कोणाला शिक्षा नाही, कसला पुरावा नाही, आणि डायरेक्टर जिवंत आहेत. नको, डायरेक्टर मेलेलेच असू द्या. नाहीतर गोष्ट सुरूच व्हायची नाही.

डायरेक्टर म्हणजे कुत्रा. पांढराशुभ्र, झुबकेदार शेपटीचा, किंतामानीच्या डोंगरातला. मालक जेरो बेंदेसा, म्हणजे आमच्या गावच्या रूढी-रिवाजांचे प्रमुख. सरकारी सरपंच वेगळा असतो, त्याला कोणी भीत नाही. सभामंडपात जेरोंच्या खुर्चीशेजारी आणखी एक खुर्ची होती, तिच्यावर हा कुत्रा बसे. सभेत झोपे, जेवायची वेळ झाली की उठून भुंके, आणि सभा संपे. याहून जास्त काम केलेला डायरेक्टर आमच्या जिल्ह्यात कोणी पाहिलेला नाही.

मी कोमांग, वस्तीचा चिटणीस. आधीचे चिटणीस वारले तेव्हा अक्षर बरं आणि नकार देण्याची हिंमत नाही, असा गावात मी एकटाच सापडलो.

भुतांना जेवू घालण्याच्या दिवसाला आमच्याकडे काजेंग क्लिवोन म्हणतात. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मंडप झाडायला आलेल्या बायकांना डायरेक्टर आपल्या खुर्चीवर दिसले. पुढचे पाय नीट जुळवलेले, मान पायांवर, तोंड उघडं. आत तपकिरी, चकचकीत, सुकलेल्या कोकोच्या बिया.

आता कोकोची झाडं सगळ्यांकडेच आहेत. पण बाकीचे लोक ओल्या बिया व्यापाऱ्याच्या गळ्यात मारून मोकळे होतात. आंबवून, चटया अंथरून, मंडपासमोरच्या रस्त्यावर उन्हात वाळवणारी एकच, म्बोक रेंतिनी, म्हणजे आमची रेंतिनीताई. आणि मागच्या उन्हाळ्यात डायरेक्टरांनी तिच्या चटईवर पाय वर केला, तेव्हा ती सगळ्यांसमोर म्हणाली होती, "एक दिवस याला याच बिया चारीन आणि समोर बसून बघीन."

रेंतिनीच्या शेजारच्या पान लोद्रांनी फोन काढला, बोट फिरवलं आणि जाहीर केलं, "चॉकलेटनं कुत्रं मरतं. आणि चॉकलेट कशाचं होतं?"

कोकोचं होतं. तपास संपला. अजून कोणाच्या घरी कॉफीसुद्धा उकळली नव्हती.

जेरो बराच वेळ कुत्र्याच्या डोक्यावर हात फिरवत बसले. मग न ओरडता म्हणाले, "कोमांग, उद्या दुपारी सभा. कासेपेकांग."

हा शब्द ऐकला की आमच्याकडे लोक खाली बघतात. ज्या घरावर तो लागतो, त्या घराशी कोणी बोलत नाही. कोणी विस्तव देत नाही, लग्नाला जात नाही. त्या घरातलं मढं गावच्या मसणात येत नाही, आणि आधी पुरलेलं असेल तर ते जाळण्यासाठी उकरायलाही मिळत नाही.

रेंतिनीच्या घरात माणसं दोन. ती आणि तिचा बाप पेकाक साद्रा, जो अंथरुणाला खिळून मरणाची वाट बघत होता. त्याची बायको मसणात पुरलेली होती, पुढच्या महिन्यातल्या सामुदायिक दहनासाठी थांबलेली. म्हाताऱ्याला जगाकडून एकच गोष्ट हवी होती, बायकोबरोबर एकाच धुरात वर जाणं.

जेरोंचा शब्द ऐकून लोक खाली बघत होते. म्हणून मंडपाच्या पायऱ्या चढून आलेली बाई आधी कोणाला दिसलीच नाही. तिच्या एका हातात बर्फाची पेटी होती आणि दुसऱ्या हातात करवत.

२

"मेलेला कुत्रा इथंच ना?" ती म्हणाली. "बाजूला व्हा. डोकं न्यायचंय."

त्या डॉक्टर सुधियानी. तालुक्याच्या डुकरांच्या डॉक्टर. पिसाळीची, म्हणजे रेबीजची, साथ आल्यापासून नियम आहे की अचानक मेलेल्या कुत्र्याचं डोकं तपासायला देनपासारला, बेटाच्या राजधानीत, जातं, आणि ते काढायचं काम त्यांच्याकडे. माणसांबद्दल त्यांचं मत फार चांगलं नव्हतं.

"त्याला पिसाळी नव्हती," जेरो म्हणाले.

"मग डोकं तसं सांगेल." त्यांनी हातमोजे चढवले, तोंडातली एक बी चिमटीत धरून उजेडात फिरवली. मग दुसरी, मग तिसरी. "कोणी घातल्या या?"

"खाल्ल्या त्यानं," पान लोद्रा म्हणाले. "फोनवर आहे."

"फोनवर काय आहे ते फोनला विचारा. एका तरी बीवर दात उमटलाय का बघा. असा कसा कुत्रा, तोंडात बिया धरून चघळायचं विसरला?"

मंडपामागं त्यांनी डायरेक्टरांचं डोकं वेगळं केलं. ते बर्फात बसून बसनं देनपासारला गेलं, धड गावातच राहिलं. पुष्कळ डायरेक्टरांचा कारभार असाच चालतो, म्हणून आम्हाला त्यात विशेष वाटलं नाही. पण मग त्यांनी पोटाला सुरी लावली, आणि जेरो पुढं आले.

"पोट कशाला?"

"डोकं सरकारचं. पोट माझ्या हौसेचं."

पोटात भात निघाला, लालसर. छोट्या कांद्याच्या चकत्या, आल्याचे तुकडे, आणि निळ्या चमकत्या कागदाचे चोळामोळा झालेले बोळे. कोकोची बी एकही नाही. डॉक्टरांनी भाताचं शीत नखानं फोडून माझ्या नाकापुढं धरलं.

"बघ. तुम्ही भुतांसाठी भात रंगवता, तो आतपर्यंत रंगतो. याची नुसती साल लाल आहे, आत पांढरा. हा मुळातच लाल तांदूळ आहे."

"मग?"

"मग काही नाही. माझ्याबरोबर चल. तुझं अक्षर चांगलं आहे म्हणे." त्यांनी हातमोजे उतरवले. "हा कुत्रा बिया खाऊन मेला नाही, चिटणीस. हा मेला, आणि मग कोणीतरी त्याला बिया खायला घातल्या."

३

रेंतिनीच्या अंगणात चटया गुंडाळून भिंतीला टेकवल्या होत्या, त्यांच्यावर कोळ्यांनी घर केलं होतं. मागं झाडावर कोकोची फळं काळी पडून लटकली होती. तोडायला कोणी नव्हतं. ती आत बापाची चादर बदलत होती.

"म्बोक," मी म्हणालो, "या बू डॉक्टर, डॉक्टरीणबाई."

"बसा. पाट ओला आहे, तिकडच्या बाजूला बसा." तिनं वर पाहिलं नाही. "विचारा काय ते. उद्यापासून तुम्हाला माझ्याशी बोलता यायचं नाही, आजच उरकून घ्या."

अंथरुणातून घोगरा आवाज आला. "कोण आलंय?"

"डुकरांची डॉक्टर, बापा."

"मग वेळ आहे अजून," पेकाक साद्रा म्हणाले आणि डोळे मिटले.

डॉक्टरांनी विचारलं, "बिया शेवटच्या कधी वाळवल्या?"

"बापा अंथरुणाला पडला त्याच्या आधी. नंतर घराबाहेर पाय कुठं टाकलाय मी? घरात एक सुकी बी सापडली तर तुम्ही घेऊन जा."

"आणि ते, चारीन म्हणालात ते?"

"म्हणाले होते." ती चादर पिळत राहिली. "माणूस बोलतो हो. नवऱ्याला म्हणाले होते समुद्रात बुडून मर. तो सिंगाराजात दुसरीबरोबर मासे विकतोय, तब्येतही सुधारली म्हणतात. माझ्या बोलण्यानं मेलं असतं तर निम्मं गाव उरलं नसतं." मग पहिल्यांदाच तिनं मान वर केली. "बू डॉक्टर, कुत्रा कोणी मारला ते शोधून मला काय करायचंय? मला एवढंच सांगा, आई-बापा एकत्र जळतील का?"

उठता उठता डॉक्टरांनी म्हाताऱ्याची नाडी पाहिली, पापणी वर करून पाहिली. बाहेर आल्यावर मी विचारलं, "पुढचा महिना काढतील?"

"मी डुकरांची डॉक्टर आहे," त्या म्हणाल्या. "पण डुक्कर असतं तर मी मालकाला थांबू नका म्हटलं असतं." मग फाटकाशी थांबून त्यांनी विचारलं, "या गावात कुत्र्याचा खरा शत्रू कोण?"

मला विचार करावा लागला नाही. तो आमच्या मागंच कुंपणावरून कान देऊन उभा होता.

४

पान लोद्रांनी पँट वर करून पोटरी दाखवली. डायरेक्टरांचे दात तिथं गोलाकार कोरलेले होते, सरकारी शिक्क्यासारखे.

"मी प्रयत्न केला," ते खेदानं म्हणाले. "लपवून काय करायचं. फोनवर वाचलं, द्राक्षांनी कुत्रं मरतं. सिंगाराजाहून पेटी आणली. घड सोलून सोलून दिला."

"सोलून?" डॉक्टरांनी विचारलं.

"सालीनं घसा धरला असता त्याचा. आणि मेल्यानं सगळे खाल्ले आणि दुसऱ्या दिवशी दारात येऊन शेपटी हलवत बसला. महिनाभर रोज यायचा. मी दिसलो की नाचायचा." त्यांनी पँट खाली केली. "इतकं प्रेम माझ्या मुलानं नाही केलं कधी."

"द्राक्षं लहरी असतात. एकाची किडनी चार मण्यांत जाते, दुसरा घड खाऊन ढेकर देतो. काल काय दिलंत?"

"काल काही नाही. काल मी फक्त बघितलं. तिन्हीसांजेला जेरोंच्या फाटकातून बाहेर आला, असा." पान लोद्रा अंगणात झोकांड्या खात चालून दाखवू लागले, गुडघे वाकवून, मान टाकून. फारच छान केलं. "मागचे पाय एकीकडं, पुढचे दुसरीकडं. मला वाटलं भुतांसाठी ओतलेली दारू चाटली. मग आडवा झाला आणि थरथरला. परत उठून फाटकात शिरला."

"मग तुम्ही?"

"मजेत बघत होतो. मग डास चावायला लागले, घरी गेलो."

रस्त्यात डॉक्टर बोटं मोडत हिशेब करत होत्या. "चॉकलेटनं कुत्रा नाचतो, ओकतो, छाती धडधडते, तासन्‌तास जातात. हा दारुड्यासारखा डुलला आणि लगेच कोसळला. रक्तातली साखर एकदम उतरली की असं होतं." मग माझ्याकडं वळल्या. "भुतांच्या पानात काय काय असतं रे?"

"भात, कांदा, आलं, मीठ. वर दारू शिंपडतात. कोणी कॉफी ठेवतं, कोणी बिस्किट, कोणी गोळ्या."

"म्हणजे कुत्र्याला जे जे चालत नाही ते सगळं तुम्ही पंधरवड्याला पानावर मांडून त्याच्यासमोर जमिनीवर ठेवता."

"त्याच्यासमोर नाही, भुतांसमोर. सत्त्व भुतं घेतात, चोथा कुत्रं खातं."

"आणि तरी इतकी वर्षं कुत्री मरत नाहीत, कारण कांद्याची एक चकती काय बिघडवणार. मग काल पानात नवीन काय होतं?"

त्यांनी खिशातून तो निळा कागदाचा बोळा काढला, उलगडला, माझ्या तळहातावर ठेवला. त्यावरचं अक्षर आमच्याकडचं नव्हतं. पण असल्या कागदातली गोळी मी आठवड्यापूर्वीच खाल्ली होती.

५

ती गोळी मला आर्सानानं दिली होती. आर्साना जेरोंचा जावई, परदेशी प्रवासी जहाजावर खोल्या आवरायला असतो. सुट्टीवर येताना प्रवाशांनी मागं टाकलेल्या वस्तूंची बॅग भरून आणतो. गोळ्यांचे डबे त्यानं बरेच आणले होते, आणि निम्म्या वस्तीत वाटले होते. म्हणून कागदावरून घर ठरत नव्हतं.

जेरोंच्या घरी त्यांच्या पत्नी बू सुकर्तींनी आम्हाला ओसरीवर बसवलं, कॉफी दिली, पाकासारखी गोड. स्वतःचा पेला मात्र वेगळा ठेवला होता.

"माझी कडूच," त्या म्हणाल्या. "मधुमेह आहे ना. साखर बंद, पांढरा भात बंद. या घरात आता लाल तांदळाशिवाय चूल पेटत नाही, जेरो कुरकुरतात. जेवताय का? लालच आहे."

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं नाही, हे मला फार बोलकं वाटलं.

"भुतांचं पानही लाल तांदळाचंच का, बू?"

"दोन हंड्या कोण चढवणार? आणि देवाला काय, भुताला काय, आपण खातो तेच द्यावं." त्या हसल्या. "गोळ्यांचंही तसंच. देवापुढं गोळ्या ठेवायच्या, पूजा झाली की प्रसाद म्हणून आपणच खायच्या. मला चालत नाहीत, मग प्रसादाला नाही म्हणायचं? पाप लागतं. म्हणून आर्सानाच्या बिनसाखरेच्या ठेवते. देवही खूश, डॉक्टरही खूश. काल दिवस मोठा, देवघर, विहीर, दुकान, फाटक, सगळीकडं मूठमूठ ठेवल्या."

"फाटकाशी जमिनीवरही?"

"भुतांना कमी का करायचं?"

आर्साना खांबाला टेकून सगळं ऐकत होता. डॉक्टर त्याच्याकडं वळल्या. "डबा आहे?"

त्यानं आणला. झाकणाच्या मागच्या बाजूला परदेशी अक्षरात खूप काही, आणि खाली एक छोटं चित्र, कुत्र्याचं डोकं आणि त्यावर लाल फुली.

"हे बघितलं नाहीस?"

"बघितलं की." आर्साना दुखावला. "म्हणून तर आणले. जहाजावर सगळ्या खाण्यावर असलं चित्र असतं, बू डॉक्टर. डुकरावर फुली म्हणजे यात डुक्कर नाही. शेंगदाण्यावर फुली म्हणजे शेंगदाणा नाही. मला वाटलं, यात कुत्र्याचं मांस नाही. बरं वाटलं. कारण गोळीत कुत्रा का घालतील, हा प्रश्न मला पडला होता."

डॉक्टरांनी झाकण लावून डबा खाली ठेवला.

"या गोडव्याला झायलिटॉल म्हणतात," त्या मग म्हणाल्या. "माणसाला काही करत नाही. कुत्र्याचं शरीर त्याला साखर समजतं आणि रक्तातली खरी साखर झाडून पुसून संपवतं. मूठभर पुरे होतात."

बू सुकर्तींनी कडू कॉफीचा पेला खाली ठेवला. त्यांचा चेहरा बघवत नव्हता, म्हणून मी डबा बघितला. "पण जेरो..." त्या म्हणाल्या आणि थांबल्या. "कालच तिन्हीसांजेला मी देवळातून आले, तर जेरो चष्मा लावून हाच डबा बघत बसले होते. फोन धरून भाषांतर करत होते. मी विचारलं, गोळी हवी का. म्हणाले, नको."

फाटक वाजलं. जेरो अंगणात उभे होते. त्यांनी डबा पाहिला, बायको पाहिली, आम्हाला पाहिलं.

"कॉफी घेतलीत ना," ते म्हणाले. "मग निघा. उद्या सभा आहे, तयारी करायची आहे."

६

सभेला सगळे पुरुष आले होते, सगळे डोक्याला फेटा बांधून. रेंतिनी मंडपाच्या कडेला खाली बसली होती. डायरेक्टरांची खुर्ची रिकामी होती आणि तिच्यावर कोणीतरी झेंडूची फुलं ठेवली होती.

डॉक्टरांनी एकही शब्द जास्त वापरला नाही. पोटात बिया नव्हत्या. होता लाल तांदूळ, जो गावात एकाच घरी शिजतो. होते निळे कागद. तिन्हीसांजेला कुत्रा डुलत होता जेरोंच्या फाटकाशी, साक्षीदार पान लोद्रा. पान लोद्रांनी सभेत पुन्हा चालून दाखवलं. लोकांनी पुन्हा मागितलं, त्यांनी पुन्हा दाखवलं.

"झोकांड्या खाणारा कुत्रा इथवर येऊन खुर्चीवर उडी मारून पाय जुळवून बसत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "त्याला उचलून आणलं. आणि मग तोंडात सुक्या बिया घातल्या. रेंतिनीकडं सुक्या बिया नाहीत, सगळ्या गावाला दिसतंय, तिच्या चटया कोळी वापरतात. मग सुक्या बिया गावात कुठं आहेत?"

मी बोललो. माझ्या डोळ्यांसमोर ती बरणी होती. मंडपाच्या कपाटात काचेची बरणी, उत्तम प्रतीचा कोको म्हणून गावाला बक्षीस मिळालं तेव्हाचा नमुना. मी रोज तिच्याशेजारी बसून लिहितो. गेल्या आठवड्यात ती गळ्यापर्यंत भरलेली होती.

"बक्षिसाची बरणी आता भरलेली नाहीये," मी म्हणालो. "आणि कपाटाची किल्ली जेरोंकडं असते."

जेरोंनी किल्ली कमरेची सोडली आणि टेबलावर ठेवली. मला वाटलं होतं ते ओरडतील. ते म्हणाले, "बरोबर आहे."

मंडपात झाडावरचं पान पडलं असतं तरी ऐकू आलं असतं. पडलं नाही.

"कुत्रा माझ्या दारात मेला. गावप्रमुखाच्या दारात, भुतांच्या पानावर. दारातला नैवेद्य विष निघाला असं उद्या बाहेर गेलं, तर आपल्या देवळात कोण पाऊल टाकील? म्हणून बिया मी घातल्या. कोणाला तरी हा दोष द्यायला हवा होता." त्यांनी रेंतिनीकडं पाहिलं, अगदी मायेनं. "तिच्या घरात माणसं कमी. सर्वांत कमी नुकसान तिथं होत होतं."

लोकांनी माना डोलावल्या. खरंच पटण्यासारखं होतं. काही जणांचे डोळे पाणावले, इतका विचार करणारा प्रमुख मिळाला म्हणून.

"म्हणजे ही निर्दोष आहे," डॉक्टर म्हणाल्या. "लिही, चिटणीस."

मी लिहायला घेतलं, आणि पान लोद्रा उठून उभे राहिले.

"एक शंका आहे. बू डॉक्टरांनी सिद्ध केलं की हिनं विष दिलं नाही. मान्य. हिच्याकडं बिया नव्हत्या. मान्य. ही घरातून बाहेरसुद्धा पडली नाही. मान्य." त्यांनी श्वास घेतला. "पण ही म्हणाली होती, की याला बिया चारीन. आणि कुत्रा मेला. आणि त्याच्या तोंडात बियाच निघाल्या. हात न लावता, घरी बसल्या बसल्या. जेरोंसारख्या माणसाच्या हातून तिनं त्या घालून घेतल्या. मग मला सांगा, ही शक्ती कुठली?"

आता मात्र लोक एकमेकांकडं पाहू लागले. विष देणारी बाई गावात चालली असती. ही दुसरी गोष्ट निराळी होती. मागून कोणीतरी हळूच 'लेयाक' म्हणालं. हा शब्द आम्ही रात्री उच्चारत नाही. डाकीण म्हटलं तर तुम्हाला कळेल.

"माझा नवरा जिवंत आहे," रेंतिनी खालून म्हणाली. "त्याला मी बुडून मर म्हणाले होते."

"अजून जिवंत आहे," पान लोद्रांनी दुरुस्ती केली.

डॉक्टर उभ्याच होत्या. "मी काय सिद्ध केलं?" त्यांनी मला विचारलं. "ती तिथं नव्हती, एवढंच ना मी सिद्ध केलं?"

"तेवढंच कमी पडत होतं त्यांना," मी म्हणालो.

जेरोंनी सभेपुढं विचारलं, कोणाचा विरोध आहे का. आमच्याकडं हात वर करत नाहीत. गप्प बसणं हा होकार. सगळे गप्प बसले. मी खोकलो. जेरो थांबले, माझ्याकडं पाहिलं. मी पुन्हा खोकलो. मग जेरोंनी खोकला हा विरोध धरला जात नाही असा निर्णय दिला, आणि तो मलाच लिहून घ्यावा लागला.

लाकडी घंटा वाजली. निर्णय लागू झाला. रेंतिनी उठली.

"बापाचं काय?" तिनं विचारलं.

कोणी बोललं नाही. बोलणं आता बंद झालं होतं. ती एकेकासमोर जाऊन उभी राहिली, पान लोद्रांसमोर, आर्सानासमोर, माझ्यासमोर. "कोमांग, बापाचं काय?" मी वहीकडं पाहत राहिलो. शाई वाळायची होती.

डॉक्टर बाहेरच्या. त्यांना बंदी नव्हती. त्याच तिच्याबरोबर पायऱ्या उतरल्या. काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही. रेंतिनीनं पायरीवर बसून दोन्ही हातांनी डोकं धरलं, आणि डुकरांच्या डॉक्टर तिच्या शेजारी बसल्या, मोटारसायकलची किल्ली हातात फिरवत. अंधार पडेपर्यंत दोघी तशाच होत्या. लोक त्यांना वळसा घालून घरी गेले.

७

निर्णय लेखी कळवावा लागतो. बोलायची बंदी असल्यामुळं मी तो दाराच्या फटीतून आत सरकवायचा, असं ठरलं. मजकूर जेरोंनी सांगितला. 'सबब'पासूनचा भाग मी माझ्या मनानं घातला. जेरोंनी चष्मा लावून तो वाचला, "व्यवस्थित लिहिलंस," म्हणाले आणि सही केली. मी पूर्ण पत्र इथं उतरवतो.

"वस्तीच्या सर्वसाधारण सभेने एकमताने घेतलेल्या निर्णयानुसार, आपल्या घराशी बोलणे, देणे-घेणे व आपल्या घरातील मृतांना गावच्या स्मशानात प्रवेश ही सर्व पुढील निर्णय होईपर्यंत बंद करण्यात येत आहेत. आपल्या दिवंगत मातोश्री स्मशानात आधीपासूनच असल्याने त्यांना तूर्त हलवण्यात येणार नाही, परंतु जाळण्यातही येणार नाही. सबब, आपले वडील पेकाक साद्रा यांना वस्तीतर्फे नम्र विनंती करण्यात येते की, सदर बंदी उठेपर्यंत त्यांनी मृत्यू पावू नये. प्रकृतीच्या कारणास्तव हे शक्य नसल्यास, त्यांनी तसा अर्ज स्वतःच्या सहीने, मृत्यूपूर्वी योग्य मुदतीत, चिटणिसाकडे सादर करावा."